महिन्याचा छंद, सात दिवसांची मुदत: दगड घासायच्या किटमधली फसवणूक

रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या दिवाळीपासून प्रदर्शनांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्टोन टंबलर किट' विकलं जातंय. एक छोटं रबरी पिंप, ते फिरवणारी मोटर, पावडरीची चार पाकिटं आणि पिशवीभर 'विदेशी' दगड. किंमत साडेआठ हजार. वर आमिष असं, की तुम्ही घासून चकचकीत केलेले दगड आम्हीच किलोच्या भावाने परत घेऊ. यात माझे पैसे गेले आणि ओळखीतल्या आणखी काही जणांचेही गेले. विकणारे अजून फिरतायत. मे महिन्यात चाकरमानी गावी आले, की पुन्हा जागोजाग स्टॉल लागतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. छंद खोटा नाही, आणि फार सुंदर आहे. नदीच्या पात्रात किंवा समुद्राच्या लाटांत दगड जसा वर्षानुवर्षं घासून गोटा होतो, तेच काम पिंपात काही आठवड्यांत होतं. पिंप दोन तृतीयांश ते पाऊण दगडांनी भरायचं, दगड जेमतेम बुडायला येतील इतकं पाणी घालायचं आणि त्यात घासणारी भुकटी टाकायची. पहिली भुकटी जाड, ६०/९० नंबरची सिलिकॉन कार्बाइड. दीड किलोच्या पिंपाला साधारण चार मोठे चमचे. पिंप रात्रंदिवस फिरत ठेवायचं. आठवड्याने उघडलं, की आत नाचणीच्या आंबिलीसारखा दाट करडा चिखल झालेला असतो आणि दगडांच्या कडा गेलेल्या असतात. मग सगळं स्वच्छ धुऊन १२०/२२० नंबर, पुढच्या आठवड्यात ५००, आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. नंबर जितका मोठा तितकी भुकटी बारीक. जाड भुकटीचा एक कण जरी पुढच्या फेरीत गेला, तरी पॉलिशवर ओरखडे येतात, म्हणून धुण्यात कंटाळा चालत नाही. आणि तो चिखल न्हाणीघराच्या मोरीत कधीही ओतू नका, पाइपात बसून घट्ट होतो. परसात खड्डा करून त्यात टाकायचा.

म्हणजे चार फेऱ्या, एक महिना. हा छंद ज्याने कधी केलेला नाही, त्याला महिना संपेपर्यंत आपलं बरोबर चाललंय की चूक हे समजायचा मार्गच नसतो. या किटच्या पावतीवर खाली बारीक अक्षरात परतीची मुदत होती सात दिवस. सगळी फसवणूक या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत बसवलेली आहे. माल खोटा आहे हे चौथ्या आठवड्यात कळणार, आणि तेव्हा तक्रार केली तर सांगायला उत्तर तयार, की तुम्ही नवीन आहात, तुमचंच काहीतरी चुकलं असेल.

रत्नागिरीत एका सभागृहातल्या प्रदर्शनात मी तो स्टॉल पाहिला. समोर काचेच्या मोठ्या वाडग्यात पाणी आणि पाण्यात तांबडे, मधाळ, काळे दगड. वर दिव्याचा झोत सोडलेला. विकणारा मुलगा तिशीचा, बोलायला अतिशय गोड. "ताई, हे सगळे आपल्या आरे-वारेचेच दगड. फुकट मिळतात. आपल्याला त्यांची किंमत माहीत नाही, एवढंच." शेजारी फिरत असलेलं एक यंत्र होतं, ते खरोखर चांगलं होतं, जाड रबराचं पिंप आणि पट्ट्याची मोटर. घरी आलेल्या खोक्यात ते नव्हतंच.

पाण्यातल्या दगडांबद्दल दोन शब्द. ओला दगड कुठलाही चमकतो. किनाऱ्यावर लाट ओसरल्यावर जो गोटा काळाभोर आणि देखणा दिसतो, तोच घरी वाळला की राखाडी होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. खरं पॉलिश कोरड्या दगडावर दिसतं. काही विक्रेते कोरड्या दगडांनाही तेल चोळतात किंवा पारदर्शक वॉर्निश मारतात. स्टॉलवर दगड हातात घ्या, रुमालाने खसाखसा पुसा, जमलं तर साबणाने धुऊन बघा. विकणाऱ्याने "हात लावू नका" म्हटलं, तर तिथूनच निघा.

आणि ते दगड आरे-वारेचे नव्हतेच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे तो काळा बेसॉल्ट आणि जांभा. बेसॉल्टचा गोटा गुळगुळीत होतो, छान हातात बसतो, पण आरशासारखी झळाळी त्याला सहसा येत नाही. जांभा तर पिंपात टाकला की तांबडा चिखल. त्यांच्या माहितीपत्रकात 'जांभा, बेसॉल्ट, सर्व दगडांसाठी उपयुक्त' असं छापलेलं आहे. ज्याने एकदा तरी पिंप फिरवलंय तो असं लिहिणार नाही. झळाळी येते ती अकीक (अ‍ॅगेट), जास्पर, गारगोटी अशा दगडांना, ज्यांचा कठीणपणा 'मोह' नावाच्या एक ते दहाच्या मापात साडेसहा-सातच्या घरात असतो. साध्या चाकूच्या पात्याने चरा उमटला, तर तो दगड घासायच्या कामाचा नाही. वाडग्यातले ते तांबडे-मधाळ दगड अकीक होते. गुजरातेत खंभातला अकीक घासण्याचा धंदा फार जुना आहे, तिथून असे तयार दगड पोत्याने मिळतात.

घरी खोकं आलं. पडवीत टेबलावर यंत्र मांडलं, चालू केलं. पहिली फेरी संपली, दुसरी संपली, दगड होते तसेच पांढुरके, कडा थोड्या बोथट. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. उत्तर आलं, "मॅडम पाणी जास्त झालं." पुन्हा केलं. "मॅडम दगड कमी भरलेत." पुन्हा. "तुमच्याकडे लाइट जाते का? मग बरोबर, मधे थांबलं की असंच होतं." कोकणात लाइट जाणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक. लाइट गेली तर पिंप थांबतं आणि आली की पुन्हा फिरतं, कामाला तेवढा उशीर होतो, दगड काही बिघडत नाहीत. त्यानंतर मेसेज आला, की साधं पॉलिश नवशिक्यांना जमत नाही, 'डिलक्स पॉलिश' घ्या, अठराशे रुपये.

त्याच आठवड्यात मोटर जळाली. आमच्या आळीत पंपाच्या मोटरी भरून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी झाकण उघडलं आणि लगेच म्हणाले, "वैनी, ही गाडीच्या वायपरची मोटर हाय. पावसात थोडा वेळ चालवायची नि बंद करायची. रात्रंदिस फिरवलात तर जळनार नाय तर काय?" अ‍ॅडॉप्टर लावून, वर प्लॅस्टिकचं कव्हर बसवून ती विकली होती. पिंप उचलून पाहिलं तर तेही रबराचं नव्हतं, काळा रंग दिलेला साधा प्लॅस्टिकचा डबा.

मग मी पावडरी तपासल्या. हे प्रत्येकाने घरी करावं, आणि पाकीट हातात आल्या दिवशीच करावं. काचेचे तीन पेले पाण्याने भरले. एकात ६०/९० लिहिलेली भुकटी चमचाभर, दुसऱ्यात १२०/२२०, तिसऱ्यात ५००. तिन्ही ढवळले आणि खिडकीत उजेडाला ठेवले. जाड कण भराभर तळाला बसायला हवेत, मधले थोडे मागाहून, आणि ५०० नंबरने पाणी बराच वेळ गढूळ राहायला हवं. पहिला आणि दुसरा पेला एकाच क्षणी निवळला. दोन पाकिटं, दोन लेबलं, आत एकच माल. भिंगातून पाहिलं तर निम्मे कण गोल, तपकिरी. ती चाळलेली वाळू होती. सिलिकॉन कार्बाइड धारदार असतं, उजेडात लुकलुकतं, कठीणपणा नऊच्या वर. तिसऱ्या पाकिटात ५०० नंबरच होता असं वाटतं, निदान पाणी गढूळ राहिलं.

चौथं पाकीट 'अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पॉलिश'. शुभ्र, हाताला मऊ. बशीत चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळलं. फस्सकन बुडबुडे आले. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड लिंबाला दाद देत नाही. फसफसतो तो संगमरवराचा भुगा किंवा खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचा कठीणपणा तीन. सातच्या दगडाला तीनची भुकटी महिनाभर घासा नाहीतर वर्षभर, तिने झळाळी येणं शक्य नाही. लोक दोन-दोन महिने पाणी कमी-जास्त करत बसलेत, आपलंच चुकतंय समजून दगड बदलत बसलेत, आणि पाकिटात पॉलिश नव्हतंच. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

'विदेशी' दगडांपैकी निळे आणि गुलाबी दगड धुताना पाणी रंगीत झालं. भेगांमध्ये रंग साचलेला दिसला. रंगवलेला अकीक बाजारात सर्रास असतो आणि तसं सांगून विकला तर त्यात गैर काही नाही, पण 'ब्राझीलचा नैसर्गिक निळा' म्हणून विकणं ही लबाडी. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवलेला कापूस फिरवला, की बऱ्याचदा रंग कापसाला लागतो. हिरवा तर काच निघाला, आत हवेचे गोल बुडबुडे स्पष्ट दिसत होते.

परत विकत घेण्याचं प्रकरण याहून वाईट. मालवणजवळ होमस्टे चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तीन किट घेतली. किलोला बाराशे रुपये देऊ, त्यासाठी प्रत्येक किटमागे पाच हजार अनामत भरून 'सप्लायर कोड' घ्या, असं सांगितलं होतं. तिने महिन्याने दगड पाठवले. फोटो आला, शेरा आला: 'बी ग्रेड, नामंजूर.' दगड परत पाठवायचा खर्चही तिच्याकडेच मागितला. अनामत मागितल्यावर नंबर बंद. आता हिशोब बघा. घरचं यंत्र महिन्याला फार तर किलोभर दगड देतं. खंभातच्या कारखान्यांत मोठमोठ्या पिंपांतून माल निघतो. ज्याला तिथे हवा तेवढा तयार माल मिळतो, तो पडवीतला एक किलो गोळा करायला कोकणभर का फिरेल? कमाई दगडांत नव्हतीच, अनामतीत होती. शिवाय हे लोक बिनदिक्कत सांगतात, की किनाऱ्यावरून पोती भरून आणा. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनुसार तिथे वाळू-दगडाचं उत्खनन करायला बंदी आहे. उद्या कोणी पकडलं तर पकडले जाणार आपण.

हा छंद करायचाच असेल, आणि जरूर करा, तर किट घेऊ नका. यंत्र वेगळं घ्या, मोटर सलग चालणारी आहे हे लिहून घ्या, आणि भुकटी नंबर सांगून औद्योगिक घासकामाचा माल विकणाऱ्याकडून घ्या. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात अशी चौकशी करता येते. दगड म्हणून सुरुवातीला दक्षिण सिंधुदुर्गातली पांढरी गारगोटी उत्तम. ओढ्यात पडलेल्या मूठभर गारगोट्या पुरतात.

पैसे गेले असतील तर यूपीआयचे व्यवहार ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. खोट्या मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. या तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे 'आता उशीर झाला' असं समजून गप्प बसू नका. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

मी आणि माझ्या मैत्रिणीने तक्रारी केल्यात. मी उरलेली पावडर आहे तशीच ठेवली आहे, पाकिटाची लेबलं, पावती, पार्सलचं कागदी वेष्टन, आणि लिंबू पिळतानाचा व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं संभाषण उतरवून घेतलं, कारण समोरचा माणूस मेसेज पुसतो. ज्यांच्याकडे असं किट असेल आणि परतीची मुदत आधीच संपली असेल, त्यांनी चौथं पाकीट फोडलं नसेल तर फोडू नका. ते सीलबंद पाकीट तक्रारीसोबत दाखवता येईल.