जुना पीसी, लिनक्स मिंट आणि गेमिंग : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

आधी मशीन सांगतो, म्हणजे पुढचं कुणी उगाच स्वतःच्या पीसीला लावून घेणार नाही. आय५-७४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि सेकंडहँड आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले, आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही. इथे कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानात विचारलं तर म्हणाले, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळा सेटच बदला. धडधाकट मशीन भंगारात घालायचं जिवावर आलं. दिवाळी झाल्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. आता मे महिना आला, अजून पुसलेलं नाही.

एएमडीचं कार्ड असल्यामुळे ड्रायव्हर शोधत बसावं लागलं नाही. तो कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मेसा (तिचा ग्राफिक्सचा भाग) यांमधूनच येतो. स्टीम (व्हॉल्व कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान) टाकलं, लॉगिन केलं, लायब्ररीतले विंडोजचे गेम डाउनलोडला लावले. लिनक्सवर गेम म्हणजे टर्मिनलशी (कमांड टाइप करायच्या खिडकीशी) कुस्ती, ही समजूत आता जुनी झाली. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, पण चित्र पालटलं ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्वने वाइनवर बेतलेलं, खास गेमसाठीचं प्रोटॉन आणल्यावर. गेम विंडोजच्या डायरेक्टएक्स (डीएक्स) या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतो, प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके ते लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये करून कार्डाला सांगतं. डीएक्स१२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. २०२२ मध्ये स्टीम डेक हे व्हॉल्वचं हातात धरून खेळायचं मशीन आलं, त्यात लिनक्सच, त्यामुळे या कामाला पैसा आणि माणसं दोन्ही मिळाली. एल्डन रिंग हा गेम आला तेव्हा विंडोजवरही अडखळत होता. डेकसाठी प्रोटॉनमध्येच त्यावर उपाय झाला.

माझ्याकडे विचर ३ हा गेम डीएक्स११ मध्ये १०८०पीवर छान चालतो. त्याचा डीएक्स१२ पर्याय या कार्डाला झेपत नाही. त्यात लिनक्सचा दोष नाही, कार्डाचं वय झालंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम टाकला, त्याला काहीच करावं लागलं नाही. एपिक आणि गॉग या दुसऱ्या दुकानांवरचे गेम हिरोइक लाँचरमधून चालवतो. नवा गेम पहिल्यांदा उघडताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात वेळ जातो. तेव्हा चहा करून घ्यावा, शिव्या देऊ नयेत.

आता खरं दुखणं. कोल्हापुरात माणूस पेठेचा आणि फुटबॉलचा असतो. शाहू स्टेडियमवर मॅच संपली की पोरं घरी येऊन स्क्रीनवर तेच खेळतात. आमच्या ग्रुपचा शनिवार रात्रीचा फुटबॉल गेम लिनक्सवर सुरूच होत नाही, कारण त्याचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) थेट विंडोजच्या कर्नलात बसतं. प्रोटॉनची आवृत्ती बदला, जीई-प्रोटॉन ही बाहेरच्यांनी सुधारलेली आवृत्ती लावा, फोरम चाळा, काही उपयोग नाही. "भावा, तुझं ते लिनक्स जगात भारी असंल, पण मॅचला कवा येतोस?" हा मेसेज दर शनिवारी ठरलेला.

यात तांत्रिक अडचण किती आणि मर्जी किती, हे नीट बघितलं पाहिजे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटनी २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा दिला, पण तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. एल्डन रिंगमध्ये ईझी अँटी-चीट आहे आणि तो चालतो. एपेक्स लेजंड्स चालत होता. २०२४ च्या शेवटी लिनक्सवाल्यांना बंद केला. व्हॅलोरंट चालत नाही. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठी वेगळे बनवलेलेच आहेत. चीटिंग थांबवण्याची कंपन्यांची काळजी मला पटते. पण कारणं काहीही असोत, हा दरवाजा आपल्या बाजूने उघडत नाही. त्यामुळे "लिनक्सवर गेम चालतात का" असं विचारण्यात अर्थ नाही. तुम्ही कुठला गेम आणि कुणाबरोबर खेळता, त्यावर सगळं आहे. एकट्याने खेळणाऱ्याने बिनधास्त यावं. ग्रुपवाल्याने आधी प्रोटॉनडीबी या साइटवर आपले गेम एकेक करून बघावेत, आणि नुसता प्लॅटिनम-गोल्डचा शिक्का न बघता खाली आपल्यासारखं कार्ड असलेल्यांचे अनुभवही वाचावेत.

किरकोळ गोष्टी. जुन्या विंडोजची एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटची) ड्राइव्ह तशीच जोडून त्यावरून गेम चालवायला जाऊ नका, प्रोटॉनला ते मानवत नाही; डेटा काढून घ्या आणि ती लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करा. पीएस४चा कंट्रोलर केबल लावली की लगेच ओळखला जातो. मँगोहड जरूर टाका, फ्रेम किती येतात ते कोपऱ्यात दिसतं. मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) घालणं मात्र अजून कटकटीचं आहे, कारण बहुतेक मॉड मॅनेजर विंडोज गृहीत धरूनच लिहिलेत.

एनव्हिडियावाल्यांसाठी वेगळं सांगतो. माझ्या मावसभावाकडे जीटीएक्स १०६० आहे, त्याच्यावरही मिंट घालून बघितलं. ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसतो, डीएक्स११चे गेम ठीक चालतात. डीएक्स१२ मध्ये मात्र विंडोजपेक्षा फ्रेम बऱ्याच कमी आल्या. शिवाय १० मालिकेच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा आहे (माझ्या कार्डाच्या ५८० शी त्याचा संबंध नाही, विचारून झालंय). त्याच्या पीसीवर दोन्ही सिस्टिम ठेवल्यात. शनिवारची मॅच आता तिकडेच, उद्यमनगरात, आणि कंट्रोलर मीच घेऊन जातो.