वॉशिंग्टनची स्मारके संध्याकाळी पाहायची, तर सेगवेवरून की सायकलवरून?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या पाहुण्यांना वॉशिंग्टन दाखवायचे ठरले, की स्मारके दिवसा पाहावीत की दिवे लागल्यावर, हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. तिथला उन्हाळा मुंबईकरालाही घाम फोडील इतका दमट असतो, नॅशनल मॉल या शहराच्या मधोमध पसरलेल्या हिरवळीच्या लांब पट्ट्यावरची स्मारके रात्रंदिवस खुली असतात, त्यांना तिकीट नाही, आणि काळोख पडू लागल्यावर पांढऱ्या संगमरवराला जी कळा चढते ती दुपारच्या उन्हात दिसत नाही. खरी अडचण पुढची आहे, ती म्हणजे फिरायचे कशावर. कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनापासून लिंकन स्मारकापर्यंतचे अंतरच सुमारे ३ किलोमीटर आहे, आणि टायडल बेसिन या जलाशयाच्या काठची जेफरसन, रूझवेल्ट आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची स्मारके त्यात धरली, तर पायी निघालेला माणूस निम्म्या वाटेत बाक शोधू लागतो. बसच्या फेऱ्या आहेत, परंतु त्या ठरावीक थांब्यांवर ठरावीक वेळ उतरू देतात आणि मधला सारा देखावा काचेतून पाहावा लागतो. त्यामुळे ज्यांचे गुडघे अजून साथ देतात अशांपुढे शेवटी दोनच पर्याय उरतात: गाईडसोबत सेगवेवरून, म्हणजे उभे राहून चालवायच्या विजेच्या दुचाकी यंत्रावरून फेरी, किंवा गाईडसोबत सायकलवरून फेरी.

मी हे दोन्ही प्रकार केले आहेत. पुढे जे लिहितो आहे ते माझ्या पायांचे आणि डोळ्यांचे म्हणणे आहे, मोजमाप नव्हे. फेऱ्या चालवणाऱ्या संस्थांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, गाईडनुसारही पुष्कळ फरक पडतो, आणि वाचकाचा अनुभव माझ्यापेक्षा निराळा असू शकतो.

सेगवेची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. या यंत्रावर पहिली पाच-दहा मिनिटे जी धाकधूक वाटते ती एकदा सरली, की त्यासारखी मौज नाही. शरीराचा भार किंचित पुढे टाकला की ते निघते, मागे घेतला की मंदावते, आणि आपण काही शिकलो आहोत हे जाणवायच्या आतच अंगवळणी पडते. श्रम जवळजवळ नाहीत. जुलै महिन्यात रात्री आठ वाजताही हवा अंगाला चिकटत असताना, पेडल न मारता वाऱ्यावर तरंगत जाण्याचे सुख कमी लेखता येणार नाही, आणि कॅपिटॉलच्या टेकडीचा चढ तर चढ म्हणून जाणवतसुद्धा नाही. यंत्राच्या पाटावर उभे राहिल्याने आपण वीतभर उंच होतो, त्यामुळे गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडचे दिसते. ज्यांना सायकल कधीच येत नव्हती, आणि आपल्या आईच्या पिढीतील अशा स्त्रियांची संख्या थोडीथोडकी नाही, त्यांना हा पर्याय एक दार उघडून देतो हेही मान्य केले पाहिजे. प्राग शहराने २०१६ मध्ये पादचाऱ्यांच्या तक्रारींमुळे आपल्या जुन्या मध्यवर्ती भागात सेगवेला बंदी घातली. वॉशिंग्टनमधील मॉलच्या वाटा मात्र इतक्या रुंद आहेत, की तसा संघर्ष मला तरी फारसा दिसला नाही.

असे असूनही माझे मत ज्या एका गोष्टीने फिरले ती वरवर अगदी क्षुल्लक आहे. सेगवेवर थांबून पाहता येत नाही. चालताना ते यंत्र शहाण्यासारखे वागते, पण एका जागी उभे करा, की जत्रेत बोट धरलेल्या पोरासारखे त्याची ओढाताण सुरू होते. तोल सावरण्याचे काम त्याला क्षणोक्षणी करावे लागते, आणि त्यासाठी ते तुमच्या तळपायाखालचा भार सतत चाचपत असते. वॉशिंग्टनचा स्तंभ ५५५ फूट उंच आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहायचे म्हणजे मान मागे टाकणे आले, मान मागे गेली की भार टाचांवर जातो, आणि भार टाचांवर गेला की यंत्र मागे सरकते. आमच्या गटात जवळजवळ प्रत्येक जण असा मागे सरकून मागच्याच्या चाकाला भिडत होता, आणि गाईड बिचारी “पुढे बघा, गुडघे सैल ठेवा” असे पुनःपुन्हा सांगत होती. या स्तंभाचे काम १८५४ मध्ये थांबले आणि १८७९ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा दगड निराळ्या खाणीतून आला, त्यामुळे सुमारे १५० फुटांवर रंग बदलल्याची रेघ स्पष्ट दिसते. मावळतीच्या तिरप्या उजेडात ती रेघ पाहण्यासाठीच माणसाने तिथे थांबायचे, आणि नेमके तेव्हा आमचे लक्ष टाचांकडे होते.

छायाचित्रांचेही तेच. एक हात हँडलवरून काढून खिशातला फोन काढायचा, तर दुसऱ्या हाताचा दाब बदलतो आणि यंत्र एका अंगाला वळू लागते. म्हणून उतरायचे, तर एक पाय खाली ठेवून दुसरा पाटावर रेंगाळला तरी ते चालू पडते, त्यामुळे गाईड येऊन हँडल धरीपर्यंत वाट पाहावी लागते. सात-आठ जणांचा गट असा एकेक करून उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा म्हणजे वेळ जातो, आणि हे ठाऊक असल्यामुळे फेरीचा आराखडाच कमीत कमी वेळा उतरावे लागेल असा आखलेला असतो, असे मला वाटते.

दुर्दैवाने वॉशिंग्टनची जी स्मारके रात्री सर्वाधिक बोलतात ती नेमकी उतरून, चालत जाऊन पाहण्याची आहेत. व्हिएतनाम युद्धातील सैनिकांची भिंत घ्या. माया लिन या विद्यार्थिनीने वयाच्या २१ व्या वर्षी आखलेली आणि १९८२ मध्ये उभी राहिलेली ही भिंत जमिनीत उतरत गेलेली आहे. उत्तरेकडील हिरवळीवरून येणाऱ्याला ती दिसतच नाही, कारण तिचा माथा त्या गवताच्या पातळीला आहे. दक्षिणेच्या अंगाने, वाटेच्या उतारावरून पावलापावलाने खाली जावे तेव्हा गुळगुळीत काळा ग्रॅनाइट आधी घोट्याइतका, मग कमरेइतका आणि शेवटी डोक्याच्याही वर चढत जातो. त्यावर ५८,००० हून अधिक नावे आहेत, ती वर्णानुक्रमाने नसून मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने कोरलेली आहेत, आणि पायाशी लावलेल्या मंद दिव्यांत नावांच्या ओळींमधून वाचणाऱ्याचा स्वतःचाच चेहरा उमटतो. कोणी कागद लावून पेन्सिलीने एखादे नाव उतरवून घेत असते. सेगवेच्या फेरीत आम्हाला हे सारे लांबच्या वाटेवरून, एका कानातल्या यंत्रातून येणाऱ्या माहितीच्या आधारे कल्पून घ्यावे लागले.

कोरियन युद्धाच्या स्मारकातील पावसाळी झगे घातलेले पोलादी सैनिक संख्येने १९ आहेत. शेजारच्या काळ्या भिंतीत त्यांची प्रतिबिंबे पडून ते ३८ होतात, आणि अंधारात खालून आलेल्या उजेडात त्यांचे थकलेले चेहरे काहीसे भयप्रद दिसतात. तिथे मी सायकल बाहेर लावून बराच वेळ उभा राहिलो होतो. लिंकनचे तर विचारूच नका: समोरच्या चौकातून वरच्या दालनात जायला ५८ पायऱ्या आहेत. सेगवेच्या फेरीत आमची गाईड यंत्रांजवळ खालीच थांबली, कारण इतकी महागडी यंत्रे सोडून तिला वर येता येणे शक्य नव्हते, आणि जिथे सर्वांत जास्त सांगण्यासारखे होते तिथे सांगणारे कोणी नव्हते. सायकलींना साखळी आणि कुलूप लागते, त्यामुळे सायकलवाला गाईड आमच्याबरोबर वर आला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी जिथे उभे राहून भाषण केले त्या पायरीवर कोरलेला मजकूर त्याने दाखवला नसता, तर आम्ही तो तुडवून पुढे गेलो असतो.

सायकलीत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. भाड्याच्या सायकलीची सीट आपल्या अंगकाठीला बसेपर्यंत थोडी झटापट करावी लागते, आणि ती मऊ म्हणून सांगितली जात असली तरी दुसऱ्या दिवशी बसताना तिची आठवण होते. वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे चौकात वळताना चुकीच्या बाजूला मान वळण्याची भीती असते; मात्र मॉलवरच्या वाटांवर मोटारी नाहीत, आणि पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर रस्त्याच्या मधोमध सायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे. ज्यांची उमेदीची वर्षे पुण्यात सायकल मारण्यात गेली अशांनाही वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर पहिल्या फर्लांगात हँडल डळमळल्यासारखे वाटेल, पण ते लवकर ओसरते. घाम येतो, हे तर उघडच आहे. ज्यांना तो नको असेल त्यांनी विजेच्या मदतीने चालणाऱ्या सायकली आहेत का हे आधी विचारावे; अलीकडे काही ठिकाणी त्या मिळतात. एवढे सोसून जे हाती येते ते साधे आहे: वाटेल तिथे ब्रेक दाबायचा, एक पाय जमिनीवर टेकायचा आणि हवे तितके पाहायचे.

पायांविषयी आणखी एक गोष्ट, जी सेगवेच्या जाहिरातीत कोणी सांगत नाही. दीड-दोन तास पाऊल न हलवता एकाच जागी उभे राहिल्याने तळपाय जळजळू लागतात आणि पोटऱ्या दगडासारख्या होतात. चालणाऱ्याचे पाय दुखतात ते निराळे, हे निराळे. आमच्या गटातील तरुणांनीही उतरल्याबरोबर बूट काढून बोटे चोळली.

आणि अंधार. टायडल बेसिनच्या काठाला जपानने १९१२ मध्ये भेट दिलेल्या चेरीच्या झाडांची परंपरा आहे, आणि मुळांनी फरशी उचलावी तशी तिथली वाट काही ठिकाणी उंचसखल झालेली आहे. सायकलचे पुढचे चाक अशा उंचवट्यावर चढते आणि उतरते. सेगवेची चाके शेजारीशेजारी असल्याने एकच चाक अडते, आणि यंत्र त्या बाजूला गर्रकन वळते. दिवसा हे आधी दिसते. रात्री दिसत नाही. कदाचित सरावाने याची सवय होत असेल, पण पाहुण्याला सराव कुठून असणार?

यंत्रांच्या वयाचाही विचार करावा लागतो. डिसेंबर २००१ मध्ये डीन केमन यांनी सेगवे जगापुढे आणला तेव्हा त्यामुळे शहरांची रचनाच बदलेल असे बोलले जात होते. प्रत्यक्षात तो पर्यटकांच्या रांगांपुरता आणि विमानतळांवरच्या पहारेकऱ्यांपुरता उरला, २०१५ मध्ये कंपनी चीनच्या नाइनबॉटकडे गेली, आणि जुलै २०२० मध्ये मूळ दुचाकी यंत्राचे उत्पादन बंद झाले. याचा अर्थ आज भाड्याने मिळणारे असे प्रत्येक यंत्र काही वर्षे वापरलेले आहे. त्याची बॅटरी केव्हा बदलली, हे विचारण्यात संकोच करू नये. काही ठिकाणी त्याऐवजी गुडघ्यांनी वळवायची लहान यंत्रे देतात. त्यांना धरायला हँडल नसते, म्हणून वयस्करांनी ती टाळलेली बरी.

सेगवेच घ्यावा असे मी कोणाला सांगेन? ज्यांना स्मारकांपेक्षा त्या यंत्राची हौस आहे त्यांना, ज्यांनी ती स्मारके आधी सावकाश पाहिली आहेत त्यांना, आणि ज्यांना सायकल येत नाही पण रात्रीचे वॉशिंग्टन एकदा वाऱ्यावर बसून पाहायचे आहे त्यांना. सोळा वर्षांखालच्या नातवंडांना तिथे चालवू देत नाहीत. ४५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या व्यक्तीनेही त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण अंग मागे टाकून यंत्र थांबवायला लागणारा भार तेवढ्या वजनात पुरत नाही. आपल्याकडच्या चणीने बारीक आजींच्या बाबतीत ही मर्यादा पुस्तकी राहत नाही. खर्चाने सेगवेची फेरी सहसा सायकलच्या फेरीहून जास्त असते.

दोन्हीपैकी काहीही निवडले, तरी वेळ मात्र जपून निवडावी. जूनअखेरीस तिथे सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, म्हणजे सातला निघणाऱ्या फेरीचा निम्मा भाग लख्ख उजेडात जातो. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहालाच दिवे लागतात आणि हवाही सुसह्य असते. सेगवेची फेरी असेल तर सुरुवातीची वीस-तीस मिनिटे शिकवण्यात जातात, हे धरून आरक्षण सूर्यास्ताच्या तासभर आधीचे करावे, नाहीतर आकाशाचा सुरेख निळा रंग आपण एखाद्या पदपथावर गोल गोल फिरण्यात घालवतो. सायकलची फेरी घेणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची घेतली तरी चालेल. सीट तेवढी निघण्यापूर्वीच नीट लावून घ्यावी, आणि गाईडला कोरियन स्मारक पूर्ण अंधार पडल्यावर दाखवायला सांगावे. मार्ग थोडा उलटा करावा लागतो, पण आमच्या गाईडने तो आनंदाने केला.