व्हीनस फ्लायट्रॅपचं रोप : पावसाच्या पाण्यावर चार महिने

लेकीनं हट्ट धरला म्हणून जूनमध्ये हे किडे खाणारं रोप ऑनलाइन मागवलं. कुंडीसकट साडेचारशे रुपये. रोप ताजं आलं, पाच सापळे, म्हणजे किडा धरायला मिटणारी दोन पाळ्यांची पानं, एकही मोडलेला नाही. पण सोबतच्या चिठ्ठीत ‘महिन्यातून एकदा खत घालावे’ असं छापलंय, ते साफ चूक आहे. हे झाड अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या निकस, ओलसर जमिनीतलं. खतानं आणि क्षाराच्या पाण्यानं त्याची मुळं मरतात. गच्चीत बादली ठेवा, पावसाचं पाणी धरा. कोल्हापुरात सप्टेंबरपर्यंत त्याची ददात नाही. पुढं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर चालतं. ऊन भरपूर द्या.

आता खरी गंमत. उद्यमनगरात माझं मोटार रिवायंडिंगचं काम आहे, त्यामुळं मला हे झाड जास्तच भिडलं. सापळ्याच्या दोन्ही पाळ्यांवर आतून तीन-तीन बारीक केस असतात. केरसुणीच्या काडीनं एक केस हलवला, काही झालं नाही. घड्याळ लावून पंधरा सेकंदांनी परत हलवला, तर पापणी लवायच्या आत सापळा मिटला! शेजारच्या सापळ्याला दुसरा धक्का दोन मिनिटांनी दिला, तो जागचा हलला नाही.

लेक बीएस्सीला आहे, तिनं उलगडून सांगितलं. केस वाकला की विजेचा एक झटका पानभर पळतो आणि पेशींत कॅल्शियम चढतं. एका झटक्याचं कॅल्शियम पुरत नाही, ते उतरायला लागतं. पुरतं उतरायच्या आत दुसरा झटका आला, तरच ते ठरावीक पातळी ओलांडतं आणि सापळा मिटतो. म्हणजे गळका कपॅसिटरच की, वीज साठवतो पण हळूहळू गळू देतो! ही वीज इंग्लंडात शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच मोजली होती, डार्विनच्या सांगण्यावरून. कॅल्शियमची चढ-उतार मात्र जपानी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये, चमकणारं प्रथिन पानात घालून, डोळ्यांना दाखवली.

मेलेली माशी टाकू नका. आत धडपड होऊन केस पुन्हा पुन्हा हलले तरच पाचक रस सुटतो, नाहीतर दिवसाभरात सापळा रिकामा उघडतो. आणि आल्यागेल्याला बोट लावू देऊ नका, थोड्याच वेळा मिटून सापळा निकामी होतो. आमचा एक असाच गेला.

रोपाला पाचपैकी पाच, चिठ्ठीला शून्य. ती बदला म्हणून विक्रेत्याला दोनदा कळवलंय, अजून उत्तर नाही.