पहिले पुस्तक प्रकाशकाकडे द्यावे की स्वतः काढावे? बडोद्यातील लेखकासाठी एक तुलना

हस्तलिखित पूर्ण झाले की दांडिया बाजारात, वाडीत किंवा प्रतापगंजात राहणाऱ्या मराठी लेखकापुढे तीन रस्ते असतात. पुण्या-मुंबईच्या नामवंत प्रकाशकाकडे संहिता पाठवून उत्तराची वाट पाहणे हा पहिला, ‘लेखकाच्या सहभागाने’ पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाला पैसे देऊन पुस्तक काढून घेणे हा दुसरा, आणि स्वतःच प्रकाशक होणे हा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या रस्त्याने माझे एकेक पुस्तक निघाले असून दुसऱ्याच्या दारातून मी परत आले आहे. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. पुस्तक छापून कोण देणार, यावरून निर्णय घेऊ नये. छापलेले पुस्तक वाचकाच्या हातात कोण नेऊन देणार, हे आधी पाहावे.

बडोद्यात राहणाऱ्याला हा प्रश्न अधिक जाचतो. सयाजीरावांच्या संस्थानात श्री सयाजी साहित्यमालेसारखी ग्रंथमाला निघाली आणि १९०९, १९२१, १९३४ व २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने या शहराने पाहिली, त्यामुळे लिहिण्याची परंपरा येथे जुनी आहे. परंतु मराठी पुस्तकांचा व्यापार, म्हणजे वितरक, ग्रंथप्रदर्शने, परीक्षणे छापणारी नियतकालिके आणि पुस्तके विकत घेणारी शेकडो सार्वजनिक ग्रंथालये, हे सारे महाराष्ट्रात आहे. पुण्याचा लेखक स्वतः काढलेल्या पुस्तकाच्या वीस प्रती पिशवीत घालून अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत फिरू शकतो. आपल्याला ते जमत नाही.

पहिल्या रस्त्याचे बळ येथेच आहे. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, रोहन, साकेत अशा प्रकाशनसंस्थांकडे वितरणाची घडी बसलेली असते आणि त्यांच्या नावावर विश्वास ठेवून पुस्तक उचलणारे वाचक असतात. मात्र प्रत्येक संस्थेचा कल वेगळा असतो आणि तो न पाहता एकच पत्र सगळ्यांना धाडणे हे नव्या लेखकाच्या हातून होणारे सर्वांत मोठे नुकसान आहे. आपल्या पुस्तकाच्या प्रकारची पुस्तके गेल्या चार-पाच वर्षांत कोणी काढली, हे मध्यवर्ती ग्रंथालयातल्या मराठी कपाटांपुढे एक दुपार काढून पुस्तकांच्या शीर्षकपानांमागचा मजकूर वाचला तरी कळते. कवितासंग्रह क्वचितच काढणाऱ्या संस्थेकडे कविता पाठवून सहा महिने घालवण्यापेक्षा ती दुपार स्वस्त पडते.

पत्र एका पानाचे असावे. पुस्तक कशाविषयी आहे, कोणत्या प्रकारचे आहे, अंदाजे शब्दसंख्या किती, यातले काही पूर्वी कोठे छापून आले आहे का, आणि याच प्रकाशकाकडे ते का पाठवत आहोत, एवढे त्यात पुरे. सोबत एक पानाचा सारांश आणि दोन प्रकरणे किंवा दोन कथा जोडाव्यात. संपूर्ण संहिता मागितली तर ती दुसऱ्या दिवशी पाठवता येईल इतकी तयार असावी. स्वतःच्या लेखनाची स्तुती, आप्तेष्टांचे अभिप्राय आणि ‘आपण संधी द्याल ही आशा’ यांसारखी वाक्ये गाळावीत, कारण संपादक पाहतो तो आपल्या गद्याचा पहिला परिच्छेद. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवले असेल तर तसे पत्रात स्पष्ट लिहावे. पोच मिळाल्यानंतर तीन महिन्यांनी एक विनम्र स्मरणपत्र चालते. दर आठवड्याचा फोन चालत नाही.

फाइलविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण ही गोष्ट कोणी सांगत नाही. आपण युनिकोडमध्ये टंकलेखन करतो आणि अनेक अक्षरजुळणीकार अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीत काम करतात. रूपांतर होताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र फुटतो, कधी तो नाहीसा होतो, तर कधी त्याच्या जागी चौकोन येतो. माझ्या पहिल्या मुद्रितात, म्हणजे तपासणीसाठी आलेल्या प्रुफात, एकट्या ‘ऱ्या’च्या ऐंशीहून अधिक चुका निघाल्या होत्या. म्हणून वर्ड फाइलबरोबर तिचीच पीडीएफ पाठवावी, म्हणजे मूळ शब्द काय होता हे जुळणीकाराला दिसते, आणि मुद्रित आल्यावर हे शब्द एकेक करून शोधावेत.

चांगल्या प्रकाशकाकडून मिळणारी आणि पैशात मोजता न येणारी गोष्ट म्हणजे संपादन. माझ्या एका कथेत ‘पोळाच्या तोंडाशी दिवा लागला’ असे वाक्य होते. गुजरातीत पोळ म्हणजे दरवाजा असलेली जुनी गल्ली, आणि घडियाळी पोळ रोज ओलांडणाऱ्या मला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. पुण्याच्या संपादकांनी ‘पोळ’ या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ करून समासात लिहिले होते, ‘सोडलेला बैल?’ त्यांचे बरोबर होते. मराठी कोशात पोळ म्हणजे वळूच. आम्ही फोनवर अर्धा तास बोललो, शब्द तसाच ठेवला आणि त्याआधी गल्लीच्या दरवाजाचे वर्णन करणारे एक वाक्य वाढवले. गुजरातीच्या शेजारात मुरलेली आपली मराठी हे आपले वैभव आहे, परंतु ती बाहेरच्या वाचकाला कोठे अडखळवते हे घरातल्या माणसाला दिसत नाही.

आता पैसा. समजा, २०८ पानांचे पुस्तक आहे, म्हणजे सोळा पानी तेरा फॉर्म (एकत्र छापले जाणारे पानांचे संच), आणि किंमत ३०० रुपये आहे. प्रकाशकाने दहा टक्के मानधन ठरवले तर प्रतीमागे ३० रुपये आणि पाचशे प्रतींची आवृत्ती संपली तर १५,००० रुपये मिळतात, तेही विक्रीच्या हिशोबाप्रमाणे वर्षा-दोन वर्षांत. लेखकाच्या खिशातून मात्र काही जात नाही. तेच पुस्तक स्वतः काढताना जुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीला ११० रुपये पडले, तर ५५,००० रुपये आधी घालावे लागतात. दुकानदाराला चाळीस टक्के सवलत दिली की हाती १८० रुपये येतात, म्हणजे ३०६ प्रती विकल्यावर मुद्दल निघते. सगळ्या प्रती स्वतःच छापील किमतीला विकल्या तर १८४ प्रतींत निघते. हा आकडा कागदावर लिहून आपल्या ओळखीच्या मराठी घरांची यादी शेजारी मांडावी. उत्तर त्या यादीत मिळते.

दुसऱ्या रस्त्याचा हिशोब यात बसत नाही. येथे पैसे आपले जातात आणि पुस्तकावर प्रकाशक म्हणून नाव, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) व हक्क दुसऱ्याचे राहतात. एका संस्थेने मला उत्साहाने होकार कळवला. संहिता पाठवून जेमतेम सहा दिवस झाले होते. पत्रात पाचशे प्रतींचा उल्लेख होता आणि लेखकाचा सहभाग चाळीस हजारांचा होता. करारपत्र आले तेव्हा पाचशेच्या जागी ‘मागणीनुसार’ हा शब्द होता, लेखकाला पंचवीस प्रती मिळणार होत्या, आणि वितरणाच्या कलमात कोणत्याही दुकानाचे वा वितरकाचे नाव नव्हते. प्रश्न विचारल्यावर उत्तरे थांबली. सहभागाने चालणारे सगळेच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. काही जण संपादन मनापासून करतात. परंतु किती प्रती छापणार, त्या कोठे ठेवणार आणि न विकलेल्या प्रती कोणाच्या, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील तर तेच पैसे तिसऱ्या रस्त्याला लावावेत.

करार कोणाशीही करा, १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातल्या काही तरतुदी लेखकाला ठाऊक असल्याच पाहिजेत. प्रताधिकाराचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीचे असल्याशिवाय ग्राह्य होत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हस्तांतर मानले जाते, आणि दुसरे काही ठरलेले नसेल तर एका वर्षात न वापरलेले हक्क संपुष्टात येतात. ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ हे वाक्य दिसले की थांबावे आणि मुद्रित आवृत्ती, ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद हे हक्क वेगवेगळे लिहून मागावेत. बडोद्याच्या लेखकाने गुजराती अनुवादाचा हक्क तरी स्वतःकडे ठेवावाच. तो वाचक आपल्या शेजारच्या घरात राहतो.

तिसऱ्या रस्त्याची तांत्रिक बाजू लोकांना वाटते तितकी अवघड नाही. आयएसबीएन राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला तो स्वतःच्या नावाने घेता येतो, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना मात्र वेगळे क्रमांक लागतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणे हे प्रकाशकाचे, म्हणजे आता आपलेच, कर्तव्य असते. खरी कसोटी मुद्रितशोधनाची. ते स्वतः करू नये, कारण आपला डोळा आपली चूक वाचत नाही. छपाईत काटकसर करावी, पण शोधकाचे पैसे द्यावेत. माझे दुसरे पुस्तक बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांविषयी होते. त्याचा वाचक येथेच होता, म्हणून ते स्वतः काढले आणि त्याच्या बहुतेक प्रती येथील मराठी कार्यक्रमांत व घरोघरी हातोहात गेल्या. कादंबरीबाबत मी हे धाडस केले नसते.

दोन सरकारी वाटाही पाहाव्यात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. आपण गुजरातेत राहत असल्याने त्या वर्षीच्या जाहिरातीतली रहिवासाची अट वाचूनच अर्ज करावा. तिशीच्या आतल्या लेखकांसाठी केंद्राची पीएम-युवा योजना २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात निवड झाल्यास सहा महिने दरमहा ५०,००० रुपये विद्यावेतन मिळते आणि पुस्तक राष्ट्रीय पुस्तक न्यास काढतो.

हाती अजून पुस्तकाइतके लेखन नसेल तर नियतकालिके आणि दिवाळी अंक हे निर्विवाद पहिले दार आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा आजही नव्या लेखकाला संपादकाच्या टेबलापर्यंत नेते, फक्त कथा मे-जूनमध्ये पाठवावी लागते, गणपतीनंतर नव्हे. माझ्या संग्रहातल्या चार कथा आधी अशाच छापून आल्या होत्या, आणि दोन प्रकाशकांकडून साभार परत आलेला तो संग्रह तिसऱ्या प्रकाशकाने उघडला तो पत्रातल्या त्याच ओळीमुळे.

म्हणून कादंबरी, कथा किंवा सर्व महाराष्ट्राला उद्देशून लिहिलेले वैचारिक पुस्तक असेल तर निवडलेल्या तीन प्रकाशकांना एकामागून एक संधी द्यावी आणि त्यासाठी दीड वर्ष धरून चालावे. घराण्याचा इतिहास, शहराच्या आठवणी किंवा ज्याचा वाचक नावानिशी माहीत आहे असे पुस्तक असेल तर स्वतः काढावे. दोन्ही रस्ते पुढे एकत्रही येतात. माझ्या कथासंग्रहाच्या प्रती संपल्या आहेत आणि कराराची पाच वर्षे येत्या मार्चमध्ये भरतात. दुसरी आवृत्ती काढणार नसाल तर हक्क लेखी परत करावेत, असे पत्र मी प्रकाशकांना धाडले आहे, आणि बडोद्याच्या छापखान्याकडून तेरा फॉर्मांचा दर मागवून ठेवला आहे.