मुंबई ते न्यूयॉर्क: थेट, दुबईमार्गे की लंडनमार्गे?

आईबाबांचं अमेरिकेचं तिकीट काढायला बसलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "दुबईहून कशाला? केवढा वळसा पडेल!" वळसा फारसा पडत नाही. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे 12,550 किमी. दुबईमार्गे 1,930 आणि 11,000 धरले तर जेमतेम चारशे किमी जास्त, म्हणजे विमानाचा अर्धा तास. लंडनमार्गे 7,200 आणि 5,550, फरक दोनशेच्या आसपास. तेव्हा किलोमीटर बाजूला ठेवा आणि तास कसे विभागले जातात ते बघा.

थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात. येताना पश्चिमेकडून वाहणारा उंचावरचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो. दुबईमार्गे आधी तीन तास, मग चौदा. इथेच बरेच जण फसतात. "मध्ये पाय मोकळे होतील" म्हणून दुबई निवडतात, पण पाय मोकळे होतात ते तीन तासांनंतर, जेव्हा ते आखडलेलेच नसतात. त्यापुढचे चौदा तास जवळपास थेट विमानाइतकेच. गुडघे दुखत असतील तर लंडन बरं: दहा आणि आठ, प्रवास खरोखर मध्यावर तुटतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल आणि लंडनला विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

तिकिटावरच्या वेळा वाचताना जपून. रात्री एकला निघून सकाळी सातला पोचणार असं दिसलं तरी ते सहा तास नव्हेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. उन्हाळ्यात फरक साडेनऊचा.

भाडं परवडत असेल, तब्येत ठीक असेल आणि पहिलाच प्रवास असेल, तर मी डोळे झाकून थेट विमान सांगेन. अनोळखी विमानतळावर गेट शोधण्याची धास्ती नाही, जोडविमान चुकण्याची भीती नाही. मधला थांबा घ्यायचाच तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत आणि मध्ये तीन तास तरी हवेत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. आणि न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहरात जायचं असेल, तर सामान तिथे पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं, हे त्यांना आधीच समजावून सांगा.

मागच्या खेपेला आई थेट विमानाने गेली. उतरताना पाय इतके सुजले होते की नेहमीची चप्पल चढेना, मोज्यांवरच व्हीलचेअरमध्ये बसली. या वेळी तिचं तिकीट लंडनमार्गे काढलंय, आईल सीट आणि मध्ये साडेतीन तास.