कोरियाच्या जुन्या नोटा : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

नोकरीसाठी सोलला आले आणि दहा महिन्यांपूर्वी १९४५ ते १९६२ या काळातल्या कोरियन नोटा जमवायला लागले. आतापर्यंत एकतीस झाल्यात. दोघा-तिघांनी विचारलं, हा छंद लावून घ्यावा का? जरूर घ्या. फक्त करकरीत कोऱ्या नोटांच्या मागे लागू नका. मी लागले आणि फसले.

पहिली नोट ह्वेह्यॉनच्या भुयारी बाजारात मिळाली. जुनी नाणी, तिकिटं, रेकॉर्डी विकणारी दुकानं तिथे ओळीने आहेत. बँक ऑफ चोसेनची, म्हणजे कोरियावर जपानी राजवट असताना नोटा काढणाऱ्या बँकेची, शंभर वॉनची नोट, तिच्यावर लांब दाढीचा म्हातारा. दुकानदार आजोबांनी तशाच दोन नोटा शेजारी ठेवल्या, भिंग हातात दिलं आणि फरक शोधायला सांगितलं. पाच मिनिटं गेली तेव्हा कुठे दिसला. एकीवर जपानी सत्तेचं पौलोनिया फुलांचं चिन्ह होतं, दुसरीवर मुगुंगह्वा, म्हणजे आपल्या जास्वंदीच्या कुळातलं पाच पाकळ्यांचं फूल. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला, दक्षिणेत अमेरिकी लष्करी अंमल आला. नोटा काढणारी बँक मात्र तीच, म्हातारासुद्धा तोच. देश सुटल्याची खूण नखाएवढ्या फुलात. मी त्याच दिवशी दोन्ही घेतल्या. वापरून मऊ पडलेल्या असल्याने फार महागही पडल्या नाहीत.

माझ्या सगळ्यात आवडत्या नोटा १९५० च्या. बँक ऑफ कोरिया १२ जूनला स्थापन झाली, २५ जूनला उत्तर कोरियाशी युद्ध पेटलं, २८ ला सोल पडलं. नव्या बँकेकडे स्वतःची एकही नोट नव्हती. मग जपानमध्ये घाईघाईने छापून अमेरिकी लष्करी विमानांनी नोटा आणल्या आणि २२ जुलैला दक्षिणेतल्या देगू शहरातून चलनात सोडल्या. हजारच्या नोटेवर अध्यक्ष सिंगमन री, शंभरच्या नोटेवर ग्वांगह्वामुन दरवाजा. त्या दरवाजाचा लाकडी भाग याच युद्धात जळून गेला. माझ्याकडची शंभरची नोट चार घड्यांची आहे आणि मधोमध घडीवर विरलीय. कुणीतरी ती खूप दिवस कपड्यांत लपवून फिरलं असावं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

इकडे सोलमध्ये जुन्या चोसेन नोटांचा साठा आणि छपाईचं साहित्य उत्तरेच्या सैन्याच्या हाती लागलं. त्यांनी त्या नोटा बाजारात ओतल्या, म्हणून दक्षिणेला जुन्या नोटा रद्द करून टप्प्याटप्प्याने बदलून द्याव्या लागल्या. हे कळल्यावर म्हाताऱ्याची नोट हातात धरताना वेगळंच वाटतं.

फेब्रुवारी १९५३ मध्ये चलन बदललं, शंभर वॉनचा एक ह्वान झाला. अमेरिकेत छापून आणलेल्या या पहिल्या नोटांवर कासवाच्या आकाराची युद्धनौका आहे. चिनी लिपीत ह्वान लिहिलंय, पण कोरियन आणि इंग्रजीत वॉनच! त्याच वर्षी युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारताचं सैन्यपथक इथे आलं. त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात कोल्हापूरकडचे. त्या पथकासाठी आपल्या टपाल तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापलं होतं. मामांनी दिलेलं तसं एक तिकीट मी ह्वानच्या शेजारी लावलंय.

आता फसल्याची गोष्ट. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून उत्तर कोरियाच्या १९४७ च्या नोटांचा संच घेतला. अगदी कोऱ्या, एक घडी नाही, आणि वर्णनात ‘अस्सल जुन्या’. ह्वेह्यॉनच्या दुकानदार आजोबांनी एक नोट उजेडासमोर धरली आणि मान हलवली. मूळ छपाईत वॉटरमार्क असतो, नंतरच्या पुनर्मुद्रणात नसतो. माझ्या एकाही नोटेत नव्हता. तेव्हापासून विक्रेत्याकडे उजेडात धरलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे देत नाही. ‘मिसायोंग’ म्हणजे न वापरलेली, हा शब्द दिसला की आणखी सावध होते.

साठवणीचंही सांगते. सुरुवातीला मऊ प्लास्टिकचा स्वस्त अल्बम घेतला होता. दोन महिन्यांत त्याला वास यायला लागला आणि पाकिटं चिकट झाली. ते प्लास्टिक पीव्हीसी होतं. आता पॉलिएस्टरची पाकिटं वापरते, नोटा आडव्या ठेवते आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी अजिबात लावू नका.

तारखेचा घोळ पहिल्यांदा होतोच. ४२८६ आकडा बघून मी तो क्रमांकच समजले. तो दांगी शक, म्हणजे कोरियाची जुनी कालगणना आहे, त्यातून २३३३ वजा केले की १९५३ येतं. अशा गोष्टी शिकायला सोलच्या नामदेमून दरवाजाजवळचं बँक ऑफ कोरियाचं चलन संग्रहालय उत्तम. चोसेन बँकेच्याच जुन्या दगडी इमारतीत आहे. मी चारदा जाऊन आले.

सध्या डोळा आहे तो १९६२ च्या शंभर ह्वानवर. बचतीचं पासबुक बघणारे आई आणि मुलगा. १६ मे रोजी निघाली आणि १० जूनच्या चलनबदलात बाद झाली. पंचवीस दिवसांचं आयुष्य! आजोबांकडे तिच्या दोन नोटा आहेत, एक कोरी आणि एक कोपरे दुमडलेली. तेवढ्या दिवसांत कुणी बाजारात नेऊन मोडायला काढलेली ती दुसरी नोट मी बाजूला ठेवायला सांगितलीय. पगार झाला की आणेन.