घाटावरच्या गप्पा: कॉलर माइक की बूम?

दोन मित्रांवर शॉर्टफिल्म करायची, बजेट तुटपुंजं आणि गाडी अडलीय माइकपाशी: शर्टाला लावायचा छोटा कॉलर माइक की लांब दांडीवर धरायचा बूम? दृश्यं नाशिकच्या गोदाघाटावरची असतील तर कॅमेऱ्याआधी आवाजाचं ठरवा.

खर्चात कॉलर माइक जिंकतो. वायरचा साधा माइक ज्याच्या त्याच्या मोबाइलला जोडायचा, रेकॉर्डिंग सुरू करून फोन एअरप्लेन मोडवर खिशात. शॉटआधी एक टाळी वाजवा. एडिटिंगला आवाज जुळवायला तीच कामी येते. माइक हनुवटीखाली वीतभर. पण मैत्रीची फिल्म म्हटली की खांद्यावर हात, गळामिठी आलीच. नेमक्या वाक्यावर कापड खर्रकन घासतं आणि ती खरखर नंतर धड निघत नाही. वायरला छोटा वेढा देऊन टेपने शर्टाच्या आत चिकटवली, तर थोडंफार निभावतं.

बूमला कापडाची भीती नाही, आवाजही मोकळा येतो. मात्र तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या जरा वर धरायला पक्क्या हाताचा माणूस हवा. लांब गेला की रामकुंडाकडच्या घंटा संवाद गिळतात. नदीकाठच्या वाऱ्याला केसाळ कव्हर हवंच.

गंगापूर रोडवर बाइकवरचे संवाद किंवा लांबचा शॉट असेल तर कॉलर. पायऱ्यांवरची मस्ती, मिठ्या असतील तर बूम, तोही एका दिवसापुरता भाड्याने.